डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिणं झालं नाही. का ते बहुतेकांना एव्हाना कळलंच आहे, कारण आमच्या नातेवाईकांत बातमी पसरायला व्हॉट्सॲपचीही गरज पडत नाही. पुण्याहून, सांगलीहून, अगदी दुबईहून रोज "आता कसं आहे तिचं?" असे फोन येतात आणि दरवेळी मी "बरं आहे, सुधारतंय" म्हणून विषय आवरता घेतो. ते काही पूर्ण खरं नसतं. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. आत्या, मोठं झालं तर चष्मा लावून दोन बैठकांत वाच.

तर झालं असं. आमची लेक पंधरा वर्षांची. इथे न्यू जर्सीत शाळेच्या टीममधून सॉकर खेळते. (फुटबॉल म्हटलं की इथे ते हेल्मेटवालं दांडगं प्रकरण, म्हणून आपल्या फुटबॉलला सॉकर.) बचावफळीत असते. यंदा, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी मॅच होती. कॉर्नर किक आली. ही आणि पलीकडची एक उंच मुलगी एकाच वेळी उडाल्या आणि दोघींची डोकी एकमेकींवर आदळली. आवाज कडेपर्यंत आला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

ही खाली पडली. दोन-तीन सेकंदच. मग उठली, गुडघे झटकले आणि बेंचकडे बघून अंगठा दाखवला. आणि मी? मी घडीच्या खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "शाब्बास!" असं अस्सल मराठीत ओरडलो. आजूबाजूच्या आईबापांनीही टाळ्या वाजवल्या. पडलेलं पोर उठलं की टाळ्या वाजवायच्या ही इथली रीत, आणि मला ती फार आवडायची.

शाळेचा ट्रेनर त्या वेळी दुसऱ्या मैदानावर होता. कोचने लांबूनच "यू गुड?" विचारलं, ही "गुड" म्हणाली. झाली तपासणी. पुढची वीस मिनिटं ती खेळली.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, आपण जिंकलो का?" मी म्हटलं, हो की, दोन-एक. पुढच्या सिग्नलला पुन्हा, "आपण जिंकलो?" मला वाटलं, कौतुक करून घेतेय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बायकोने मागे वळून तिच्याकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "गाडी वळव."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळे बघितले, मान बघितली, तिला एका सरळ रेषेत चालवलं आणि म्हणाल्या, स्कॅनची गरज नाही. मी आपला अडून बसलो, स्कॅन कराच म्हणून. (आपल्याकडे स्कॅन झाल्याशिवाय आजार झाला असं वाटतच नाही ना.) त्यांनी शांतपणे सांगितलं की स्कॅन बघायचा तो रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं बघायला. तशी लक्षणं तिच्यात नाहीत. आणि कन्कशन स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन अगदी स्वच्छ येतो आणि माणूस आजारी असतो.

मग त्यांनी तिला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, आता वर्षाचे महिने उलटे म्हण.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." ती थांबली. "ऑगस्ट..." पुन्हा थांबली. मग हसली, म्हणाली हे किती सिली आहे. पुन्हा सुरुवात केली, डिसेंबर, नोव्हेंबर, आणि एकदम रडायलाच लागली. गणितात पहिली येणारी पोरगी हो माझी. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत मी मनातल्या मनात इन्शुरन्सचा हिशेब करत होतो, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री आईला फोन केला. तिला आधी काही पटेचना. रक्त नाही, टेंगूळ नाही, मग लागलंय कुठं? मी ती महिन्यांची परीक्षा सांगितली. तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्रींनी फोनवर धडाधड म्हणून दाखवलं: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद... चैत्रापर्यंत एका दमात. वर म्हणाली, "आता तू म्हण." मी कार्तिकाशी अडकलो. "तुझ्याबी डोक्याला लागलंय," असा निकाल देऊन तिने फोन ठेवला. ते तिचं वाक्य पुढे फारच खरं ठरलं, पण ते नंतर.

आता हे कन्कशन म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगतो. कवटीच्या आत मेंदू पाण्यात ठेवलेल्या पनीरसारखा असतो. मऊ, आणि थोडा हलता. डोक्याला हिसका बसला, विशेषतः गर्रकन फिरल्यासारखा, की आतले बारीक धागे ताणले जातात. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका नाही थांबवत. धागे ताणले की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि सगळं जागच्या जागी आणायला मेंदूला एकदम भरपूर साखर लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. लग्नघरात पंगत बसलीय, वाढपी ओरडतायत आणि सिलिंडर संपत आलाय, तशी अवस्था. अशात दुसरा धक्का बसला तर तो पहिल्यापेक्षा लहान असूनही जड जाऊ शकतो. आणि बेशुद्ध पडलं तरच कन्कशन ही तर शुद्ध सिनेमातली समजूत. खेळात कन्कशन झालेल्यांपैकी दहातला एखादाच शुद्ध हरपतो.

शिवाय लक्षणं कधी कधी उशिरा येतात. क्रिकेटवाल्यांना आठवत असेल, २०१९ ची लॉर्ड्स कसोटी. आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तो आडवा झाला. बाहेर गेला, तपासणीत पास झाला, परत येऊन ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं ठीक नव्हतं, आणि त्याच्या जागी लाबुशेन खेळला. कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. आयसीसीने तो नियम त्याच महिन्यात आणला होता. मी ती मॅच बघत होतो आणि स्मिथ परत बॅटिंगला आला तेव्हा मीही सोफ्यावरून टाळ्या वाजवल्या होत्या. सवयच ती.

घरी आणल्यावर मी खोलीचे पडदेबिडदे लावून अंधार करायच्या मागे होतो, कारण कुठेतरी तसं वाचलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ती पद्धत आता मागे पडली. पहिले एक-दोन दिवस आराम, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू चालणं-फिरणं. नुसतं अंधारात पडून राहिल्याने बरं होत नाही. पण कसलं फिरणं! मिक्सर लावला की ती कान दाबून धरायची. बायको चार दिवस चटणी पाट्यावर वाटत होती. (इथे पाटा आहे आमच्याकडे, विमानातून आणलेला, त्याची वेगळी कथा.) वाचताना ओळी सरकतात म्हणायची. चिडचिड तर विचारू नका. एरवी लहान भावाला जीव लावणारी, त्याच्यावर पुस्तक फेकून मारलं.

आणि रोज एक कागद भरायचा. त्यावर २२ लक्षणं. डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास, धूसर वाटणं, उदास वाटणं, असं करत करत. प्रत्येकासमोर ० ते ६ आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही. हे आकडे खाली आले की मग मैदानावर परतायच्या पायऱ्या सुरू होतात. आधी चालणं, मग पळणं, मग बॉल, मग टीमबरोबर सराव, सगळ्यात शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि टीमबरोबर सराव करण्याआधी डॉक्टरांची लेखी परवानगी.

आमच्या लेकीचे आकडे भराभर उतरले. दहाव्या दिवशी सगळी शून्यं. मी तो कागद फ्रिजवर लावला, मार्कशीट लावावी तसा. ती पळायला लागली, बॉल घेऊन सराव करायला लागली. राज्यपातळीची बाद फेरी जवळ आली होती आणि टीम तिची वाट बघत होती. मीही बघत होतो.

एका रात्री पाणी प्यायला उठलो तर बाथरूममधून नळाचा आवाज, आणि दिवा बंद. दार नुसतं लोटलेलं. आत ही काळोखात दात घासत होती. मी सवयीने बटण दाबलं. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि अशी काही विव्हळली की बायको धावत आली.

सगळी शून्यं खोटी होती.

नंतर हळूहळू आणखी कळलं. सीझनच्या आधी ऑगस्टमध्ये सगळ्या मुलींची कॉम्प्युटरवर एक चाचणी घेतात, निरोगी असतानाचा वेग वगैरे मोजून ठेवतात, म्हणजे पुढे लागलं तर तुलना करता येते. ती चाचणी काही मुली मुद्दाम हळू देतात. म्हणजे पुढे डोकं गरगरत असलं तरी निकाल 'नेहमीसारखा' यावा! मोठ्या मुलींनी धाकट्यांना शिकवलेलं. हिने तसं केलं नव्हतं म्हणे. मी विश्वास ठेवलाय.

मी त्या रात्री भडकलो. नको तितका. डोकं दुखत असलेल्या पोरीसमोर आवाज चढवला, ही एक लाज आहेच. म्हटलं, खोटं कशासाठी? एका मॅचसाठी? ती पांघरूण डोक्यावरून घेऊन आतूनच म्हणाली, "तू खेळलास ना? ती कबड्डीची गोष्ट तूच सांगतोस ना दरवेळी?"

कबड्डीची गोष्ट. आमच्या घरातल्या कुणाला ती माहीत नाही असं होणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. १९९१ साल, मी अकरावीत. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, जत्रेतले सामने, मातीचं मैदान, कंदिलासारखे मिणमिणते बल्ब. मी चढाईला गेलो, रेषेकडे सूर मारला आणि पकडीला आलेल्या गड्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यापुढे काजवे. पोरांनी तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी कांदा हुंगवला, आणि मी परत मैदानात! शेवटच्या चढाईत दोन गडी बाद केले, सामना जिंकला, आणि घरी जाताना दुसऱ्याचीच सायकल घेऊन भलत्याच गावाच्या रस्त्याला लागलो. हा शेवट सांगितला की सगळे हसतात. लग्नात, बारशात, गणपतीत, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला, कुठे नाही सांगितली ही गोष्ट? पोरीने ती जन्मल्यापासून ऐकलीय. तिच्या दृष्टीने तिचा बाप म्हणजे तो. लागलं तरी न बोलता खेळणारा.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडच्या मित्राला फोन लावला. तो त्या दिवशी आमच्या टीममध्ये होता. म्हटलं, मर्दा, तो सामना आठवतो का, मी दोन गडी मारले तो. तो खो खो हसला. "दोन गडी? ते आदल्या वर्षी. त्या दिवशी तू 'कबड्डी कबड्डी' करत पाठ फिरवून आपल्याच अंगणात चढाईला आलास की. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय. मग बसवला तुला बाहेर." आणि मग जरा थांबून म्हणाला, "तुझे वडील रात्रभर झोपले नव्हते. पहाटे मी बघायला आलो तर तुझ्या उशाशी बसून होते, कंदील घेऊन. तू तीन दिवस उलट्या करत होतास."

उलट्यांचं मला काहीही आठवत नाही. दादांचंही नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही आणि आता विचारायला ते नाहीत. आईला विचारलं, तर म्हणाली, "व्हय की. त्यानंतर त्यांनी तुझी कबड्डी बंद केली. तुला वाटलं बारावीमुळं."

चौतीस वर्षं जी गोष्ट मी शौर्य म्हणून सांगत होतो, ती आजाराची केसच होती. आठवण जाणं, भलतीच आठवण त्या जागी बसणं, रस्ता चुकणं... लेकीच्या कागदावर यांना आकडे द्यायचे असतात.

या सगळ्यात मी बरंच वाचन केलं. झॅकरी लिस्टेट नावाच्या मुलाबद्दल इथल्या आईबापांना निदान नावापुरतं माहीत असतं. वॉशिंग्टन राज्यातला तेरा वर्षांचा मुलगा. २००६ मध्ये शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोकं जमिनीवर आपटलं, जरा वेळ बाहेर बसला, परत खेळायला गेला आणि सामन्यानंतर कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, बोलायलाच कित्येक महिने लागले, अपंगत्व कायमचं आलं. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये त्या राज्यात कायदा झाला: शंका असली तरी मुलाला बाहेर काढा, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेऊ नका. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. दर ऑगस्टला त्याच कायद्यापायी आलेला एक माहितीचा कागद मी सही करून शाळेत देतो. देतो म्हणजे, मोबाईलवर शेवटपर्यंत खाली सरकवून बोट टेकवतो. यंदा तो पहिल्यांदा वाचला, नोव्हेंबरात.

दुसरं नाव जेफ ॲस्टल. इंग्लंडचा फुटबॉलपटू, हेडिंगसाठी प्रसिद्ध. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला, त्याआधी काही वर्षं स्मृती गेलेली. चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण व्यवसायजन्य आजार लिहिलं. खाणीतल्या माणसाच्या फुप्फुसाला होतो तसा, याच्या मेंदूला, चेंडू डोक्याने मारून मारून. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि तिप्पट सामान्य माणसं अशी तुलना केली. मेंदू झिजण्याच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंत साधारण साडेतीन पट. पुढच्या विश्लेषणात बचावफळीतल्यांचं सगळ्यात जास्त निघालं आणि गोलकीपरांचं सामान्यांइतकंच. बचावफळी वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला.

आता, ते जुन्या काळचे, वर्षानुवर्षं रोज खेळणारे पुरुष. त्यावरून हायस्कूलच्या मुलीचं भविष्य काढता येत नाही, एवढं मला कळतं. आणि सॉकरने काहीच केलं नाही असंही नाही. इथल्या सॉकर संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं, अकरा ते तेरा वयाला सरावात मर्यादा घातली. आमची लेक त्याच नियमात वाढली. पण मुलींना मुलांपेक्षा सॉकरमध्ये कन्कशन जास्त होतात, हेही तितकंच खरं. आणि सगळे नियम, पायऱ्या, परवानग्या शेवटी एका गोष्टीवर उभ्या आहेत: पोरगं खरं बोललं पाहिजे. रक्त नाही, एक्स-रे नाही, तिच्या तोंडचा आकडा तेवढा आहे. आणि खरं बोललं की बाहेर बसावं लागतं. पंधराव्या वर्षी मी तरी काय लिहिलं असतं?

टीम बाद फेरीत हरली. ही कडेला गॉगल लावून बसली होती. ज्या मुलीशी टक्कर झाली ती महिन्याभरात ठणठणीत झाली म्हणे. हिचं मात्र लांबलं, सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, होईल बरी, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण पुन्हा पहिल्या पायरीपासून.

मार्चमध्ये क्लबचा सीझन सुरू होतो. बायकोचं ठाम 'नाही' आहे. लेकीचं तितकंच ठाम 'हो'. माझं विचाराल तर सकाळी नाही असतं आणि संध्याकाळी तिला अंगणात मोज्यांनी चेंडू उडवताना पाहिलं की डगमगतं. दादांनी माझी कबड्डी बंद केली तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. मी सांगणार आहे, निदान एवढं ठरवलंय.

मित्राने सांगितलेली गोष्ट तिला मागच्या रविवारी सांगितली. आपल्याच अंगणात चढाईला गेलो ते, उलट्या, आजोबा आणि कंदील. ती हसली नाही. म्हणाली, "मग सायकल कुणाची होती?" मला तेही माहीत नाही.

सोमवारपासून कागद पुन्हा फ्रिजवर असतो, तिच्या हाताने लावलेला. सोमवारी डोकेदुखी ३, उजेडाचा त्रास ४. मंगळवारी तेच. आज सकाळी डोकेदुखी २, आणि 'चिडचिड'समोर तिने ६ लिहून कंसात 'बाबामुळे' लिहिलंय. मी काही बोललो नाही. पोहे केले, खोबरं हाताने खवलं.